अडतीस व्हायरस

अख्तरबानू आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. गंज पेठेतून स्वारगेटपर्यंत चालत, तिथून धायरीची बस, आणि साडेतीनच्या सुमाराला आमच्या दाराची बेल. येण्याआधी फोन करायची रीत आमच्यात नव्हती. एकोणतीस वर्षं एकाच खोलीत शेजारी-शेजारी टेबलं लावून काम केलेल्या बायकांनी एकमेकींना काय कळवायचं?

मी सांगते आहे ते २००८ सालचं. आम्ही दोघी निवृत्त होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्याआधी आम्ही एका सरकारी कचेरीत होतो. मी आवक विभागात आणि ती टंकलेखक. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. मी त्यावर शिक्का मारायची, क्रमांक घालायची, मोठ्या नोंदवहीत चढवायची आणि आणणाऱ्याच्या पुस्तकात पोच म्हणून सही करून द्यायची. कागदात लिहिलेलं खरं की खोटं, हे पाहणं माझं काम नव्हतं. कागद आला आणि मिळाला, एवढंच माझी सही सांगायची. अख्तरबानूच्या टेबलावरून कागद बाहेर जायचा. साहेबांच्या मसुद्यातल्या चुका ती त्यांना न विचारता सुधारायची.

"साहेबांना कळलं तर?" मी एकदा विचारलं.

"कळण्यासारखं असतं तर चूक केली असती का त्यांनी?"

छप्पन्न साली आमच्या घरी दीक्षा घेतली, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढे नोकरीला लागले, तरी कचेरीतल्या दोन-तीन जणी माझ्या डब्यातलं काही घेत नसत. उपास आहे म्हणायच्या. त्यांना उपास फार असत. एकाहत्तर साली अख्तरबानू आली, तिने पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली जवसाची चटणी मागून घेतली आणि तिखट कमी आहे म्हणून मला सुनावलं. तेव्हापासूनची ही मैत्री.

तिचे यजमान शमशुद्दीनभाई पुस्तकबांधणीचं काम करायचे. ते गेल्यावर ती दोन खोल्यांत एकटी राहायची. एकुलती मुलगी शबनम लग्न करून बहारीनला गेली होती. आमच्याकडे दिवाणखान्यात कॉम्प्युटर होता, त्यावर कॅमेरा होता, आणि शबनमच्याही घरी तसाच कॅमेरा होता. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार. आमच्याकडे चार वाजले की तिकडे दीड वाजायचा. शबनम जेवणाचं ताट घेऊनच समोर बसायची आणि अख्तरबानू तिला सात समुद्रांपलीकडून सांगायची की भाजी नीट शिजलेली दिसत नाही. त्या वर्षी शबनमला दिवस गेले होते. श्रावणात बाळंतीण होणार होती. तिकडे जाणं अख्तरबानूच्या गुडघ्यांना आणि व्हिसाला, दोन्हींना जमणारं नव्हतं. नातवंड दिसायचं ते आमच्याच कॉम्प्युटरवर, हे ठरलेलं होतं.

कॉम्प्युटर माझ्या मुलाने, अनिरुद्धने घेतलेला. तो खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, सून शर्मिला दुसऱ्या कंपनीत. दोघं सकाळी साडेसातला आपापल्या कंपनीच्या बसने जायची. मग दिवसभर घर माझं आणि कॉम्प्युटरही माझा. मी त्यावर वर्तमानपत्रं वाचायची, पत्ते खेळायची, आणि त्या दिवसांत क्रोशाचे नमुने शोधायची. शबनमच्या बाळासाठी टोपडं विणायचं मनात होतं. परदेशी बायका आपले नमुने इंटरनेटवर फुकट ठेवतात, हे मला नुकतंच कळलं होतं.

एका बुधवारी दुपारी नमुना पाहता पाहता पडद्यावर अचानक एक चौकट आली. वर लाल पट्टी, त्यात पांढरी फुली. इंग्रजीत लिहिलं होतं की आपला कॉम्प्युटर धोक्यात आहे. खाली एक हिरवी रेघ भराभर सरकत गेली, कसली कसली नावं धावली आणि शेवटी आकडा आला: अडतीस व्हायरस सापडले. त्याखाली एक बटण होतं.

मी मजकूर वाचला आणि बटण दाबलं. पुन्हा एक चौकट आली, तीही वाचून दाबली. चौकटी गेल्या. मी नमुना उतरवून घेतला आणि चहा करायला उठले. संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

शुक्रवारी अख्तरबानू कॉम्प्युटरसमोर बसलेली असतानाच खाली घड्याळाशेजारी एक लाल ढाल दिसायला लागली. दर दोन मिनिटांनी तिच्यातून फुगा निघायचा: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. शबनमचं तोंड मध्येच थांबायचं, आवाज पुढे जायचा. अख्तरबानूने हात मांडीवर घेतले.

"रतन, मी काही हात लावला नाही हं."

"अगं, नाही लावलास. बोल तू."

पण बोलणं होईना. शनिवारपर्यंत कॉम्प्युटर चालू व्हायलाच वीस मिनिटं घ्यायला लागला. रविवारी अनिरुद्ध सकाळपासून त्याच्यापुढे बसला. खरा व्हायरस तपासायला दोन तास लागले, आणि मग सगळं पुसून पहिल्यापासून भरायला उरलेला दिवस. माझी वर्तमानपत्रांतली कात्रणं गेली, त्याचे गेल्या वर्षीचे फोटो गेले. तो चिडलेला नव्हता, दमलेला होता.

"आई, कोणीतरी खोटी वॉर्निंग खरी मानून क्लिक केलंय. ते क्लिक केलं की तेच आत येतं. तू काही दाबलंस?"

"मी काही नाही दाबलं," मी म्हटलं. आणि हे मी खोटं बोलले नाही. माझ्या डोक्यात तसं काही केल्याची नोंदच नव्हती.

"मग मावशीच. त्यांना कोण कोण मेल पाठवतं, त्या सगळं उघडतात. शुक्रवारी त्याच बसल्या होत्या ना?"

"बसली होती. पण ती विचारल्याशिवाय काही करत नाही."

"आई, विचारायला तरी कळावं लागतं ना काय विचारायचं ते." मग म्हणाला, "मला त्यांच्याबद्दल काही नाही. पण मला यावरूनच रात्री ऑफिसचं काम करावं लागतं. थोडे दिवस नको म्हण त्यांना. महिनाभर. मी एकदा नीट अँटिव्हायरस आणून टाकतो."

शर्मिला स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, त्यांचं बाळ यायचंय ना या महिन्यात."

"मग फोटो पाठवतील ना. मी प्रिंट काढून देईन ऑफिसात. रंगीत."

मी गप्प बसले. मलाही थोडं वाटलं होतं, असेल बाई, चुकून तिच्याच हातून झालं असेल. आणि मुलगा दिवसभर खपला होता. सोमवारी मी अख्तरबानूला फोन केला.

"कॉम्प्युटर नादुरुस्त आहे. दुरुस्तीस दिलेला आहे. साधारण एक महिना लागेल, असे अनिरुद्धचे म्हणणे आहे."



"बरं," अख्तरबानू म्हणाली. "दुरुस्त झाला की कळव."

मंगळवारी साडेतीनला बेल वाजली नाही. शुक्रवारीही नाही. मधल्या गुरुवारी तिचा फोन आला.

"मुलगा झाला. सकाळी. दोघं बरी आहेत."

"अगं, मुबारक! वजन किती? दिसतो कोणासारखा?"

"वजन तीन किलो. दिसतो कोणासारखा ते शबनमला विचारावं लागेल. कळवायचं म्हणून केला फोन." आणि तिने फोन ठेवला.

कॉम्प्युटर माझ्यापासून चार हातांवर चालू होता. मी त्याच्यावर क्रोशाचा नमुनाच पाहत होते. टोपड्याचं तोंड अजून नीट उतरलं नव्हतं. मन थाऱ्यावर नव्हतं, तरी मी परत जाऊन बसले, नमुन्याच्या पुढच्या पानावर क्लिक केलं, आणि ती चौकट आली.

तीच लाल पट्टी होती आणि तीच पांढरी फुली. हिरवी रेघ सरकत गेली. अडतीस व्हायरस.

मी मजकूर वाचला, आणि माझा हात आपोआप त्या बटणाकडे गेला. तिथे बाण पोचला आणि मला माझाच हात दिसला. कागद समोर आला की पोच द्यायची. सदतीस वर्षं मी हेच केलं होतं. पोच देणं म्हणजे काही करणं असतं, असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. एखाद्याला विचारलं, तू आज श्वास घेतलास का, तर तो आठवून सांगेल का? तसं ते झालं होतं. मागच्या त्या बुधवारी मीच दाबलं होतं, एकदा नाही, दोनदा. अनिरुद्धने विचारलं तेव्हा मी सरळ त्याच्या तोंडाकडे पाहून नाही म्हटलं होतं.

मी भिंतीवरचं मेन बटण बंद करून टाकलं आणि खुर्चीतच बसून राहिले.

खरं तर त्याच क्षणी फोन उचलायला हवा होता. पण मी ज्या कचेरीत वाढले तिथे अर्ध्या माहितीवर टिपण सादर करत नसत. मला वाटलं, आधी पक्कं कळू दे. कदाचित अख्तरबानूच्या मेलमधूनही काही आलं असेल. कदाचित दोन्ही झालं असेल. अनिरुद्ध विचारील, आई, कशावरून? तेव्हा माझ्या हातात काहीतरी असायला हवं. म्हणून मी एक जुनी डायरी घेतली, पट्टीने रेघा आखल्या आणि रकाने केले: क्रमांक, दिनांक, वेळ, कोणत्या पानावर असताना आले, विषय, शेरा.

क्रमांक एक, गुरुवार, बारा वाजून दहा मिनिटं. त्यानंतर मी रोज दुपारी मुद्दाम बसायची. वर्तमानपत्र वाचायची तेव्हा काही येत नसे. पत्ते खेळायची तेव्हाही नाही. अख्तरबानूच्या मेलचं पान मी उघडून अर्धा तास तसंच ठेवलं. तिथेही काही नाही. क्रोशाच्या त्या पानावर गेले की मात्र दोन-तीन नमुन्यांनंतर चौकट हजर. मी कशालाही हात न लावता उतरवून घ्यायची आणि मेन बटण बंद करायची. दुसरी चौकट आली तिच्या शेऱ्यात मी सवयीने 'स्मरणपत्र' लिहिलं.

पाच नोंदी झाल्यावर मी त्या एकाखाली एक वाचल्या. पाचही वेळा व्हायरस अडतीसच. एकही वाढला नाही, एकही कमी झाला नाही. पाचही वेळा नावांचा क्रम तोच. तपासणी अकरा सेकंदांत पूर्ण, जिच्यासाठी अनिरुद्धला दोन तास लागले होते. आणि चौकटीत लिहिलं होतं की सी, डी आणि ई अशा तिन्ही कप्प्यांत व्हायरस आहेत. आमच्या कॉम्प्युटरला कप्पे दोनच होते. सी मशीनचा आणि डी माझा, असं अनिरुद्धने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. जो कप्पा नाहीच, त्यात याला व्हायरस सापडत होते. कचेरीत असा मसुदा आला असता तर अख्तरबानूने तो टाइप करायच्या आधीच फाडला असता.

पाचवी नोंद गुरुवारची होती. म्हणजे बाळाला आठ दिवस झाले होते. माझं टिपण अगदी पक्कं झालं होतं आणि त्यापायी अख्तरबानूचे आठ दिवस गेले होते. हे माझ्या लक्षात आलं ते डायरी मिटताना.

शुक्रवारी सकाळी सात वाजता अनिरुद्ध बूट घालत असताना मी डायरी त्याच्यापुढे धरली.

"हे काय?"

"वाच."

त्याने उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

"आई, तू टेस्टिंगला ये आमच्याकडे. आमची पोरं एवढं लिहीत नाहीत."

"शेवटचा शेरा वाच."

शेवटी मी लिहिलं होतं की मागील महिन्यातील बुधवारी सदर बटण अधोस्वाक्षरितेनेच दाबले होते. त्याने ते वाचलं आणि वर पाहिलं.

"मग त्या दिवशी नाही का म्हणालीस?"

"कारण मला माहीत नव्हतं. पोच दिली की झालं, असंच वाटत होतं."

त्याला हसू येत होतं, पण माझं तोंड पाहून तो हसला नाही.

"जाऊ दे गं. एवढं काय! मी सांगतो तसं कर. चौकट आली की त्यातलं काहीच दाबायचं नाही, फुलीसुद्धा नाही, ती फुलीही खोटीच असते. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट, तीन बटणं एकदम दाबायची आणि तिथून अख्खं पान बंद करायचं. आणि दुसरा ब्राउझर टाकून देतो, त्यात हे कमी येतं. मावशींना म्हणावं या."

"म्हणावं या? तिला मी सांगितलंय की कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलाय."

"मग सांग, आला."

"अनिरुद्ध, तू तिचं नाव घेतलंस, आणि मी ऐकून घेतलं."

तो बुटाची नाडी बांधत राहिला. "मी येऊ का तुझ्याबरोबर?" असं त्याने विचारलं, पण बसची वेळ झाली होती, आणि फोन केला तो मी केला होता. मी म्हटलं, जा तू.

गंज पेठेतल्या तिच्या घरी मी पोचले तेव्हा दहा वाजले होते. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मला पाहून उठली नाही. पण सुपलीतला लसूण बाजूला सरकवून माझ्यासाठी जागा केली.

"झाला का दुरुस्त?"

"बिघडलाच नव्हता."

"ते मला माहीत आहे."

"कसं?"

"रतन, एकोणतीस वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर काढलीत मी. त्या दिवशी फोनवर 'अनिरुद्धचे म्हणणे आहे' म्हणालीस. असं तू कधी बोलत नाहीस; अशी भाषा कचेरीतून खोटं पत्र बाहेर जायचं असलं की असायची."

मी तिला सगळं सांगितलं. बुधवारची चौकट, माझं बटण, रविवारी झालेलं बोलणं, माझं गप्प बसणं, डायरी. काही वगळलं नाही. ती लसूण सोलत ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिने हातातली पाकळी पूर्ण केली.

"म्हणजे कॉम्प्युटरवरूनच होतं."

"मग दुसरं कशावरून असणार?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या सोसायटीत कोणीतरी काही बोललं असेल. ही बाई आठवड्यातून दोनदा येते, तुमच्या कॉम्प्युटरवरून बाहेरदेशी बोलते, असं. दिवस जरा तसे आहेत ना. तुला सांगवत नसेल, म्हणून तू दुरुस्तीचं काढलंस, असं मी धरून चालले."

त्या वर्षीचे दिवस खरंच तसे होते, बॉम्बस्फोटांच्या बातम्यांचे. मी खोटं बोलताना ते ओळखून ती त्यामागे काय कारण धरील, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. नावावरून माणसाला दाराबाहेर ठेवतात म्हणजे काय करतात, हे मला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या लहानपणी ते मला रोज शिकवलं गेलं होतं.

"तसं काही नव्हतं गं. शपथेवर."

"आता कळलं. पण दहा-बारा दिवस होतं ना."

मी सुपलीतली एक पाकळी उचलून सोलायला घेतली.

"परवा मी सायबर कॅफेत गेले होते," ती पुढे म्हणाली. "तुमच्याशिवाय काही अडत नाही, असं स्वतःला दाखवायला. तिथे लाकडी खोकी केलीत, एकेका खोक्यात पोरं बसलेली. मालक म्हणाला ओळखपत्र द्या. रेशनकार्ड दिलं. त्याने नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा नाव वाचलं. म्हणाला, आज मशीन खाली नाही. तीन खोकी रिकामी मला दिसत होती."

"अख्तर, माझं चुकलं."

"चुकलंच. बटण दाबलंस त्याचं नाही. ते कोणीही दाबेल."

"नाही, त्याचं नाही. फोनचं."

"हां. फोनचं." तिने सुपली उचलून ओट्यावर ठेवली. पाठमोरीच म्हणाली, "त्या अनिरुद्धला मी लहानपणी टाइपरायटरवर बसवून त्याचं नाव टाइप करायला शिकवलंय. आणि मला कळत नाही म्हणतो काय विचारायचं ते."

"तो यायला तयार होता."

"नको. त्याचं काय ते मी बघीन. आधी चहा घे. एवढी लांब आलीस खोटं परत घ्यायला."

चहा झाला. मला वाटत होतं, ती म्हणेल की मंगळवारी बघू. ती आत गेली, साडी बदलून आली, पर्स काखेत अडकवली आणि दाराला कुलूप लावायला लागली.

"आत्ता?"

"आज शुक्रवारच आहे ना? की तेही दुरुस्तीला दिलंय?"

सिंहगड रस्त्यावर कुठेतरी खणलेलं होतं, बस अर्धा तास तिथेच उभी होती. घरी आल्यावर मी कॉम्प्युटर चालू केला आणि खुर्ची तिच्यासाठी ओढली. ती बसली नाही.

"तू बस. तू लाव. मी हात लावणार नाही."

मी बसले. शबनमला आधी फोन करून ठेवला होता. पडदा काळा झाला, मग राखाडी झाला, आणि मग शबनमचं थकलेलं तोंड दिसलं.

"अम्मी! कुठे होतीस इतके दिवस? मी रोज चालू करून ठेवत होते."

अख्तरबानूने उत्तर द्यायच्या आधी मीच म्हटलं, "शबनम, ती माझ्यामुळे आली नाही. चूक माझी होती."

"काय झालं मावशी?"

"ते नंतर," अख्तरबानू म्हणाली. "आधी त्याला दाखव."

शबनम कॅमेऱ्यापासून बाजूला झाली. थोडा वेळ नुसती भिंत दिसत होती. मग पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं आलं, जवळ जवळ येत गेलं, आणि त्यात एक लालसर तोंड होतं, डोळे मिटलेले, ओठ चोखत असल्यासारखे हलणारे. चित्र दोन-दोन क्षणांनी थांबायचं आणि मग पुढे सरकायचं, त्यामुळे तो एकदा जांभई द्यायला लागला आणि आम्हाला ती जांभई तीन तुकड्यांत दिसली.

अख्तरबानू माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. हळूहळू ती वाकत गेली, मग गुडघ्यांनी ऐकलं नाही. मी उठले आणि तिला खुर्चीत बसवलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"नाक आपल्याकडचं नाही," ती म्हणाली.

"अम्मी!"

"मी वाईट म्हणत नाहीये. जावयाचं आहे. आता काय करणार, आलंय तर. कान उघडे कशाला ठेवलेस? वारा लागतो."

"इथे कसला वारा, अम्मी. इथे बेचाळीस डिग्री आहे."

"एसीचा लागतो."

ते दोघींचं तासभर चाललं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोहे केले आणि मुद्दाम उशीर लावला. रात्री अनिरुद्ध आल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं की ती आली होती. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः तिला फोन केला. दार लावून बोलला, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा कान लाल होते. "मावशी अजून तशाच आहेत," एवढंच म्हणाला.

मंगळवारी दुपारी दोन वाजता फोन वाजला.

"रतन, येऊ का?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की हे काय विचारायचं झालं. पण तिला विचारायला मीच लावलं होतं. मी नुसतं 'ये' म्हटलं. शुक्रवारी पुन्हा फोन आला. पुढच्या मंगळवारीही आला. दर वेळी मी 'ये' म्हणायची, आणि साडेतीन वाजायच्या आधीच दार उघडून उंबऱ्यात उभी राहायची.

चौथ्या की पाचव्या खेपेला ती जिना चढून आली, शेवटच्या पायरीवर धापा टाकत थांबली आणि मला तिथे पाहून म्हणाली,

"अशी काय दारात उभी? कोणी येणार आहे का?"

"तू येणार होतीस."

"मग बाजूला हो. मला आत जायचंय."